रहाटावरची बाई

त्या वर्षी ऊन लवकर तापलं. गावातल्या विहिरी एकेक करून तळाला गेल्या आणि विहिरी खणणाऱ्या टोळीला मान वर करायला सवड उरली नाही.

टोळी लहानच. मुकादम, त्याचा धाकटा भाऊ, धाकट्याची बायको, जिला सगळे बुटकी म्हणत ती दुसरी बाई, आणि माती लांब नेऊन टाकणारे तिघे-चौघे गडी. दोघे भाऊ आळीपाळीनं खाली उतरायचे. दोघी बाया रहाटावर असायच्या. सध्या काम मळेवाल्याकडं होतं. खाली काळा, चिवट खडक लागला होता. पहारीचं टोक सकाळी धार लावून न्यावं आणि दुपारी ते बोथट होऊन वर यावं. मळेवाला दिवसातून चारदा काठावर येऊन डोकवायचा आणि दर वेळी तेच विचारायचा, "ओल तरी लागली का?"

धाकट्याच्या बायकोला सगळे मुंगीची आई म्हणत. मुंगी तिची एकुलती एक पोर. पाचवीतली, काटकुळी, सदानकदा काहीतरी उचलून घरी आणणारी, म्हणून मुंगी. आईचं अंग मात्र दणकट. दंड पुरुषासारखे, तळहातांना घट्टे. रहाटाच्या एका दांड्याला ती, दुसऱ्याला बुटकी. दांडा वर गेला की बुटकीच्या टाचा उचलायच्या, म्हणून तिनं पायाखाली दगड घेतलेला. खालून हाक आली की दोघी एकदम वाकायच्या, एकदम सरळ व्हायच्या. मध्येच थांबायचं असलं तर लोखंडी खिट्टी रहाटाच्या दात्यांत सारायची, मग हात सोडला तरी दोर जागचा हलत नसे. खालच्या माणसाचा जीव त्या खिट्टीवर आणि वरच्या बायांच्या मनगटांवर.

मळेवाला एकदा म्हणाला होता, "मुकादम, तुझी भावजय रहाटावर असली की मी निवांत झोपतो."

"झोपा की," मुकादम हसला होता. "खाली तर मी असतो."

घर एकच होतं. दोन खोल्या, पुढं ओसरी, आणि अंगणापलीकडं दोर, बादल्या, कुदळी ठेवायची पत्र्याची खोली. मुकादमाची बायको वारून बरीच वर्षं झालेली. त्याचं जेवणखाण, कपडे, सगळं मुंगीच्या आईकडं. त्याची मुलगी लग्न होऊन लांब गेली ती माहेरी फिरकलीच नाही. गर्व चढला तिला, असं सासूबाई, म्हणजे दोघा भावांची आई, सांगायच्या. मुकादमाचं गावात वजन होतं. कुणाच्या विहिरीत माणूस अडकला तर पहिली हाक त्याला. शाळेला पाण्याची टाकी बांधली तेव्हा खड्डा त्यानं फुकट खणून दिला होता. मुख्याध्यापकांनी त्याला पुढं बोलावून मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. मुंगीनंही वाजवल्या होत्या.

गेला हिवाळाभर मुंगीचं पोट दुखत होतं. आईनं जंतांचं औषध दिलं. पोट शेकलं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं दोन बोटांनी पोट दाबलं आणि म्हणाला, "शाळा चुकवायची सवय लागलीय." आईला तेव्हा चारचौघांत फार लाजल्यासारखं झालं होतं आणि वाटेत तिनं पोरीला एक रट्टाही दिला होता.

एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना मुंगी म्हणाली, "आज शाळेत नर्सबाई आल्या होत्या. दवाखान्यातल्या. त्यांनी मोठं चित्र आणलं होतं माणसाचं. सगळ्या अवयवांची नावं म्हणायला लावली. सगळ्या म्हणजे सगळ्या."

आजी म्हणाली, "म्हणजे?"

"मुलं हसायला लागली. मग बाई म्हणाल्या, नाकाला नाक म्हणताना हसता का? मग हे पण शरीरच आहे. जो सगळ्यात मोठ्यानं हसत होता ना, त्यालाच उभं करून परत म्हणायला लावलं. आणि हेडमास्तर बाहेर जाऊन झाडाकडं तोंड करून उभे राहिले."

मुंगीच्या बापाला हसू फुटलं. आजीनं कपाळावर हात मारला. "शाळेत आता एवढंच शिकवायचं राहिलं होतं!"

"अजून सांगितलं," मुंगी ताटात बघत म्हणाली. "गुपितं दोन प्रकारची असतात. एक गमतीचं. म्हणजे कुणाला खाऊ आणलाय आणि सांगायचं नाही, तसलं. ते नंतर उघडं होतं आणि सगळे हसतात. दुसरं पोटात दुखतं. ते ठेवायचं नाही."

मुकादमाचा घास हातात तसाच राहिला. "उद्यापासून पाठवू नका तिला," तो म्हणाला. "नको ते शिकून येते. इथं कामाला हात कमीच आहेत." त्यानं अर्ध्या जेवणातच ताटात हात धुतला आणि उठला. मुंगीच्या आईच्या मनात एवढंच आलं की आमटी खारट झाली असावी.

सुटीच्या दिवशी ती मुंगीला घेऊन ओढ्यावर धुणं धुवायला गेली. ओढा आटला होता, एका डबक्यात तेवढं गुडघाभर पाणी. आसपास कुणी नव्हतं. मुंगी पाण्यात पाय सोडून बसली. आई कपडे आपटत होती.

"आई, माझं पोट दुखतं तेव्हा तू पोटावरनं हात फिरवतेस."

"मग काय करू? दुखतं म्हणतेस ना."

"पोटाला काही झालेलं नाही."

आईनं कपडा आपटायचा थांबवला.

"मोठे काका मला दोराच्या खोलीत बोलावतात ना," मुंगी म्हणाली. "दोराला पीळ घालायला. पीळ घालायचा नसतोच."

मग ती बोलत राहिली. आईकडं न बघता, पाण्यातल्या पायांकडं बघत. अडखळत होती, पण थांबली नाही. नर्सबाईंनी शिकवलेले शब्द तिनं वापरले. एकही गाळला नाही. आईच्या हातात सदरा होता तो त्याचाच. ती तो पिळत राहिली, पाणी केव्हाच निघून गेलं होतं तरी पिळत राहिली, आणि शेवटी खांद्याची शिवण टर्रकन उसवली.

"कधीपासनं?"

"बाबांना कावीळ झाली होती तेव्हापासनं."

"मला का नाही बोललीस गं?"

"काका म्हणाले, सांगितलंस तर तुझा बाप खाली असताना दोर तुटेल."

मुंगीनं पहिल्यांदा मान वर केली. "बाई म्हणाल्या, मोठ्या माणसाला सांगायचं. त्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. कुणी ऐकेपर्यंत सांगत राहायचं. तू ऐकलंस का?"

"ऐकलं."

"खरं वाटतं?"

"शब्दन्‌शब्द."

"मग मी चुकले का?"

आईनं तिला ओल्या हातांनी जवळ ओढलं. "तू नाही चुकलीस. मी चुकले, मी तुला मारलं. आणि ज्यानं केलं त्याला मी बघते."

तो सदरा तिनं डबक्यातच सोडून दिला.

नवऱ्याला तिनं त्याच दुपारी गाठलं. तो मळ्याच्या बांधावर बसून कुदळीला दांडा बसवत होता. तिनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यानं कुदळ बाजूला ठेवली आणि डोकं गुडघ्यांत घातलं.

"दादानं मला वाढवलंय," तो म्हणाला. "बाप गेला तेव्हा मी एवढासा होतो."

"मग?"

"मी काय करू? जीव घेऊ त्याचा?"

"काहीतरी कर."

"ही विहीर होऊ दे. खडकातलं काम त्याच्याशिवाय मला यायचं नाही. विहीर झाली की आपण वेगळं राहू. तोवर पोरीला त्या खोलीकडं पाठवू नकोस."

"म्हणजे विहीर होईपर्यंत मी त्याला जेवायला वाढू?"

तो रडायला लागला. एरवी नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं की ती विरघळायची. आज तिला ते रडणं ओंगळ वाटलं. ती उठली आणि घरी आली.

सासूबाई पीठ चाळत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चाळणीचा हात थांबवला नाही.

"शाळेतनं काढ तिला. तोंड सुटलंय."

"आई, ती खोटं बोलत नाही."

"मी कुठं म्हटलं खोटं बोलते?" सासूबाई म्हणाल्या. "पण असलं बोलायचं नसतं. पुरुष माणूस, बायको नाही. आपणच पोरींना सांभाळायचं. तिकडचीनंही असंच तोंड उघडलं होतं. लग्न लावून दिलं, बसली गप्प."

मुंगीच्या आईला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. माहेरी न फिरकणारी पुतणी, गर्व चढलेली पुतणी. त्याच्याच पोटची.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

सासूबाईंनी पिठाचा डबा झाकला. "घर राहिलं ना उभं?"

आयुष्यात पहिल्यांदा मुंगीच्या आईला कुणाचा तरी गळा दाबावासा वाटला. तिनं हात पदराला पुसले, बिछान्याची वळकटी आणि पोरीचं दप्तर उचललं, आणि मुंगीला घेऊन बुटकीच्या घरी निजायला गेली. बुटकीनं काही विचारलं नाही. जागा करून दिली.

सकाळी कामाआधी ती मुंगीला घेऊन दवाखान्यात गेली. नर्सबाई नुकत्या कुलूप काढत होत्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी मुंगीला खुर्ची दिली, स्वतः तिच्यासमोर स्टुलावर बसल्या, आणि तिचं तिला सांगू दिलं. आईला मध्ये बोलू दिलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "तू सांगितलंस हे फार बरं केलंस. यात तुझा काडीचाही दोष नाही. आता पुढचं काम मोठ्यांचं." मग आईला बाहेर घेऊन आल्या.

"मला हे पोलिसांना कळवावंच लागतं. मोठ्या ठाण्यातून बाई अधिकारी येतील. तोवर पोरगी माझ्याजवळ राहू दे."

"कधी येतील?"

"गाडी मिळेल तशा. दुपारपर्यंत यायला हव्यात. पण घरात कुणाला बोलू नका. त्याला सुगावा लागला तर तो पळून जाईल."

"नाही पळणार."

"तुम्हाला काय माहीत?"

"आज खाली उतरायची पाळी त्याची आहे."

नर्सबाईंनी तिच्याकडं, मग तिच्या हातांकडं बघितलं. "भलतंसलतं काही करू नका बाई. पोरीला तुम्ही घरात हव्या आहात, तुरुंगात नाही."

"मी काय करणार?" ती म्हणाली. "मी दांडा फिरवते."

नवरा लोहाराकडं पहारी घेऊन गेला होता. मुकादम काठावर विडी ओढत उभा होता. "काल बुटकीकडं मुक्काम केलास म्हणे?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "पोरीचं पोट दुखत होतं. तिच्याकडं औषध होतं." त्यानं तिच्याकडं जरा निरखून बघितलं, विडी विझवली आणि दोराला बांधलेल्या फळीवर बसला.

दोघींनी दांडे धरले, दोर सुटायला लागला. त्याचं डोकं काठाच्या खाली गेलं. सगळं वजन मनगटांवर आलं. किती सोपं होतं! नुसती बोटं उघडायची. बुटकीच्या एकटीच्या हाताला तो पेलला नसता. तिनं दात खाल्ले आणि एकेक फेरा मोजून सोडला, नेहमीपेक्षाही सावकाश. खाली फळी टेकली. "उतरलो!" आवाज आला.

मग तिनं रिकामी फळी भराभर वर ओढली, खिट्टी सारली आणि दगडावर बसली.

"बादली का नाही गं सोडत?" बुटकी म्हणाली.

"आज नाही सोडायची."

खाली थोडा वेळ पहारीचे ठोके ऐकू आले. मग थांबले. "बादली टाका!" मग पुन्हा, "अरे, मेलात का वर सगळे?" मग शिव्या. विहीर सहा पुरुष खोल, भिंती सरळ तासलेल्या, शिडी पोचत नव्हती. ऊन चढायला लागलं. त्याचा पाण्याचा तांब्या वरच होता, दुसऱ्या खेपेला सोडायचा असायचा. "पाणी तरी द्या!" तो ओरडला.

मुंगीच्या आईनं तांब्या उचलला. काठावर, त्याला दिसेल अशी उभी राहिली, घटाघटा प्याली, उरलेल्या पाण्यानं मनगटं धुतली. एक थेंब खाली जाऊ दिला नाही.

गडी टोपल्या टाकून जमले. मळेवाला धावत आला. "काय चाललंय? दिवस वाया चाललाय माझा! मुकादम खाली काय करतोय?"

"बसलाय," ती म्हणाली.

"अरे पण का?"

खालून त्यानं मळेवाल्याचा आवाज ओळखला असावा. "मालक! हिला वेड लागलंय! मला वर काढा!" मळेवाला तिच्या अंगावर ओरडला, मग गोडीनं बोलला, मग पुन्हा ओरडला. ती विहिरीकडं बघत गप्प बसून राहिली. तिचं गप्प बसणं खाली पोचलं असावं, कारण त्याचा आवाज एकदम बदलला. चिरका झाला.

"पोरगी खोटं बोलते!" तो खालून ओरडला. "मी काही केलेलं नाही! पोरगी खोटं बोलते!"

मुंगीच्या आईनं अजून पोरीचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

बुटकी दगडावरनं उतरली, काठाशी ओणवी झाली आणि खाली विचारलं, "कुठली पोरगी, मुकादम?"

खालून आवाज नाही.

"कुठली पोरगी? कशाबद्दल खोटं बोलते? इथं तर कुणी पोरीचा विषयच काढला नाही."

मळेवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला आणि चार पावलं मागं सरला. त्याला दोन मुली होत्या. एका गड्यानं मातीचं ढेकूळ उचलून खाली भिरकावलं. ते भिंतीवर फुटलं. दुसरा दगड उचलायला वाकला.

"नको," मुंगीची आई म्हणाली. "मेला तर सुटेल."

तेवढ्यात नवरा पहारी खांद्यावर टाकून आला. त्यानं माणसं बघितली, वर गुंडाळलेला दोर बघितला आणि त्याला सगळं समजलं. पहारी टाकून तो रहाटाकडं धावला. तिनं बाजूची कुऱ्हाड उचलली आणि पातं दोराला लावलं.

"दांड्याला हात लाव, दोर कापते. मग तुझ्या दादाला केसांना धरून वर ओढ."

"अगं, मरेल तो उन्हानं."

"सोसेल त्याला. माझ्या पोरीनं हिवाळाभर सोसलं."

खालून "धाकट्या! अरे धाकट्या!" अशी हाक आली. नवऱ्यानं दांड्याकडं नेलेला हात मागं घेतला. तो तिथंच मातीत बसला आणि त्यानं दोन्ही कान झाकून घेतले. हाक येत राहिली, त्यानं उत्तर दिलं नाही. त्याच्या हातून त्या दिवशी एवढंच झालं.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोचलं. आत सावलीला कोपरा उरला नाही. ती काठावर गेली. तो खाली एवढासा दिसत होता, डोळ्यांवर हात धरून वर बघणारा. बोलणं संपलं होतं. नुसता "पाणी, पाणी" करत होता. तिच्या पायाशी खडकाचा एक धोंडा होता, आदल्या दिवशी वर काढलेला, त्यानंच सकाळी बाजूला लावायला सांगितलेला. तिनं त्यावर पाय ठेवला. धोंडा हलत होता. तळव्याखाली तिला तो हलताना कळत होता, आणि तिला बरं वाटत होतं. एवढं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग तिच्या डोळ्यांसमोर घरची भिंत आली. हा मेला तर म्हातारी त्याचा फोटो लावेल. विहिरीत काम करता करता गेला बिचारा, असं लोक म्हणतील. शाळेत मुलांना उभं करतील. आणि मुंगीला रोज त्या फोटोखाली जेवायला बसावं लागेल. त्याला एवढं चांगलं मरण द्यायला ती तयार नव्हती. तिनं पाय काढून घेतला, आणि धोंडा गड्यांना लांब न्यायला लावला, कारण स्वतःचा भरवसा तिला वाटेना.

जीप आली तेव्हा सावल्या कलल्या होत्या. अधिकारी बाई उतरल्या, दोन शिपाई, मागून नर्सबाई. मुंगीला त्यांनी आणलं नव्हतं.

"जिवंत आहे ना?" नर्सबाईंनी आधी तेच विचारलं.

"आहे. तुमची ठेव सांभाळून ठेवलीय."

अधिकारी बाईंनी खाली डोकावून बघितलं, पाण्याची बाटली दोरीनं सोडायला लावली आणि म्हणाल्या, "वर काढा त्याला."

शिपाई दांड्याकडं निघाले. बुटकी आडवी आली. "तुम्हाला जमायचं नाही साहेब. हिसका बसतो. आम्ही काढतो."

फळी खाली गेली. तो चढून बसला. दोघी वाकल्या, सरळ झाल्या, वाकल्या, सरळ झाल्या. तो अर्ध्यात आला, चेहरा ओळखू येईल इतका वर, आणि मुंगीच्या आईनं खिट्टी सारली. फळी गचकन थांबली. दोर गरगर फिरायला लागला, त्याच्याबरोबर तोही. एकदा तोंड दिसे, एकदा पाठ.

"काय झालं?" शिपायानं विचारलं.

"हात भरून आलेत," ती म्हणाली. "जरा दम खाऊ द्या."

अधिकारी बाईंनी तिच्याकडं बघितलं आणि मग दूर उभ्या जीपकडं. "खा दम," त्या म्हणाल्या. "बाटली दिलीच आहे त्याला."

ती काठाशी गेली. मळेवाला, गडी, नवरा, सगळे ऐकत होते. "पोरगी खोटं बोलते म्हणालात," ती म्हणाली. "आणि तुमची स्वतःची? तिचं काय?"

तो फिरत होता. दोन्ही हातांनी दोर आवळून धरलेला. त्याला वाटलं असावं की हिला सगळं कळलंय, आता लपवून उपयोग नाही. किंवा उन्हानं डोकं चालत नसेल.

"ते जुनं झालं," तो म्हणाला.

अधिकारी बाईंनी मान वळवली. "काय जुनं झालं?" त्यांनी विचारलं. मग त्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं, पण शब्द सगळ्यांच्या कानांवर पडून गेला होता.

मुंगीच्या आईनं खिट्टी काढली. "घेऊन जा," ती म्हणाली.

जीपपर्यंत त्याला चालत न्यावं लागलं. ज्या वाटेनं तो रोज ऐटीत यायचा त्याच वाटेनं. मळ्यात काम करणाऱ्या बाया खुरपी हातात घेऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी हळहळलं नाही. एकीनं आपल्या पोरीला हाताला धरून मागं घेतलं, पिसाळलेलं कुत्रं जाताना घेतात तसं.

टोळी मोडली. ती विहीर मळेवाल्यानं दुसऱ्यांकडून पुरी करून घेतली. मुंगीची आई बुटकीच्या घरीच राहिली आणि दोघी दुसऱ्या टोळीच्या रहाटावर जायला लागल्या. नवऱ्यानं शेवटी जबाब दिला. तो अधूनमधून सरपण फोडून आणून दारात टाकायचा. ती त्याला पाणी द्यायची, आत बोलवायची नाही. मुंगीचं मन झालं तर ती बाहेर जाऊन त्याच्याशी बोलायची.

सासूबाई मात्र थोरल्याच्या बाजूनं साक्षीला उभ्या राहणार असं वकिलाला सांगून आल्या होत्या. गावात त्या सांगत फिरल्या की सुनेनं घर बुडवलं. काही लोकांनी ऐकूनही घेतलं. शाळेतल्या दोन मुलांच्या आया नर्सबाईंच्या विरोधात अर्ज घेऊन गेल्या, की असलं शिकवलं म्हणून हे झालं. नर्सबाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "शिकवलं म्हणून झालं, की शिकवलं म्हणून कळलं?" आणि पुढच्या तासाला त्यांनी मुलांच्या आयांनाही बोलावलं. मुंगीची आई पहिल्या बाकावर बसली. बाक मुलांचा, गुडघे मावत नव्हते.

एका दुपारी बुटकीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. कडेवर वर्षाचं पोर, हातात पिशवी. मुंगीच्या आईनं तिला नाकावरनं ओळखलं. मुकादमाचंच नाक.

"काकू," ती म्हणाली, "मला पण सांगायचंय. कुठं सांगायचं असतं?"

मुंगीच्या आईनं पोर आपल्याकडं घेतलं. "आधी बस. पाणी पी."

"बसले तर परत धीर व्हायचा नाही."

मग त्या तशाच निघाल्या, उन्हातून, ठाण्याकडं. वाटेत पुतणी एकदाच बोलली. "मी आजीला सांगितलं होतं. ती म्हणाली, गप्प बसलीस तर चांगलं घर बघते. तिनं खरंच चांगलं घर बघितलं, काकू." आणि ती हसली.

पुतणीच्या जबाबानंतर वकिलानं म्हातारीला साक्षीला बोलावलंच नाही. खटला बरेच दिवस चालला. मुंगीला आत पडद्याआड बसवून विचारलं, नर्सबाई तिच्या शेजारी होत्या. पुतणीनं पडदा नको म्हटलं. ती बापाच्या समोर उभी राहून बोलली, आणि तो जमिनीकडं बघत राहिला. मुंगीची आई एकही तारीख चुकवायची नाही. त्याला आणलं की तो पहिल्यांदा तिलाच बघेल अशा जागी ती बसायची, हात मांडीवर उघडे ठेवून.

शिक्षा झाली. तो बाहेर येईल तेव्हा काठी टेकत येईल, असा बुटकीनं अंदाज केला. सगळे म्हणाले, न्याय झाला. मुंगीच्या आईला ते कमीच वाटलं. अजूनही वाटतं. कधी कधी दांडा फिरवताना तिच्या तळव्याला तो हलणारा धोंडा आठवतो आणि तिला त्याचा पश्चात्ताप होत नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर सासूबाई उभ्या होत्या. एकट्याच. पाठीत वाकल्या होत्या, तोंडावरची कळा गेली होती. मुंगी आईचा हात धरून खाली उतरत होती. या वर्षात ती उंच झाली होती, फ्रॉक आखूड झाला होता. सासूबाईंचे डोळे भरून आले. "माझी बाय ती," असं म्हणत त्यांनी तिच्या गालावरनं हात फिरवायला हात पुढं केला.

मुंगी एक पाऊल मागं सरली.

"नको," ती म्हणाली. "मला आवडत नाही."

मोठ्यानं नाही, रागानंही नाही. नुसतं सांगितलं. पायऱ्यांवरची माणसं बघायला लागली. सासूबाईंनी सुनेकडं बघितलं. ती पोरीला रागवेल, आजी आहे ती, असं करू नये, म्हणेल, अशा आशेनं.

हवेत तसाच राहिलेला तो सुरकुतलेला हात मुंगीच्या आईनं डोळे भरून बघून घेतला. मग मुंगीला घेऊन ती उरलेल्या पायऱ्या उतरली.